नऊचा गजर

मिरजेहून आलेल्या मॅडमनी अंगणवाडीत
चटईवर पिशवी उपडी केली:
आठ ठोकळे, फणी, कान तुटलेला कप,
आणि एक बाहुली, जिचा झगा माझ्या कस्तुरीच्या झग्याहून बरा.

"रच बघू," म्हणाल्या.
तिनं पाच रचले. सहावा हातात फिरवला, हुंगला
आणि बाजूला टाकला, देठ राहिलेल्या बेदाण्यासारखा.
मॅडमनी काहीतरी लिहिलं.

"हे काय?" फणी.
गप्प.
"आणि ही कोण?"
गप्प. पण बाहुलीचे केस विंचरायला लागली,
गुंता आधी खालून सोडवत, जसा सोडवायचा असतो.

"अडीच वर्षांची ना? शब्द किती बोलते?"
मी मोजले. पाणी. दे. नको. माऊ.
आणि "श्श".
तो शब्द धरायचा का, ते विचारलं नाही.

मॅडम मऊ बोलायच्या.
मुलगी निगेटिव्ह आहे, त्यात आता शंका नको, म्हणाल्या.
पण आईच्या रक्तात तो असताना जी बाळं वाढतात
त्यातली काही बोलायला उशीर करतात.
औषधानं, कमी वजनानं, का घरातल्या ओढाताणीनं,
नीट उलगडलेलं नाही अजून.
म्हणून तर फिरतो आम्ही.

औषधाचं मला काय कळणार.
माझं मला कळत होतं.

सहा आठवडे ड्रॉपरनं सरबत पाजलं,
सासूला म्हटलं, पोटदुखीचं आहे.
सांगलीच्या सिव्हिलमध्ये टाचेतनं थेंब काढले,
कागदावर वाळत घातले, रॅकवर द्राक्षं घालतात तसे.
दीड वर्षाची झाली तेव्हा शेवटचा रिपोर्ट आला.
मी बाहेर येऊन उसाचा रस प्याले. एकटी. दोन ग्लास.
सांगायचं कुणाला?

तासगावच्या शेडवर आम्ही चाळीसजणी,
हिरवा, पिवळा, काळा निवडत बसतो दिवसभर.
ती माझ्या मांडीजवळ. रंग तिला तिथंच आले,
नावं न घेता. चुकीच्या ढिगातला दाणा
उचलून बरोबर ढिगात टाकते.

रात्री नऊला माझा मोबाईल वाजतो.
रांगत होती तेव्हापासून तो वाजला की
ती तांब्याकडे निघायची. "आई" म्हणायच्या आधी तिला गजर समजला.
मग एकदा, भर दुपारी शेडवर,
पारूआक्काच्या फोनला तोच सूर वाजला
आणि ही उठली, भांडं भरून आणलं,
सांडत सांडत माझ्या ओठांशी धरलं:
"गोई. आई, गोई."

बाया हसल्या. "लेकीचा जीव बघा गं केवढा!"
पारूआक्का तेवढी हसली नाही. माझ्याकडं बघत राहिली.

त्या रात्री मी तिच्या ओठांवर बोट ठेवलं.
दुसऱ्या रात्रीही.
पुढं पुढं बोट लागेना. मीच घरात बोलायची थांबले.
चुलीशी गप्प, न्हाऊ घालताना गप्प,
ट्रक चालवणाऱ्या तिच्या बापाचा फोटो पुसताना गप्प.
"गोई" कुठं गेली, मला दिसलंही नाही.

ठोकळे पिशवीत गेले. मॅडम म्हणाल्या,
हिच्याशी बोलत राहा, काहीही, भाजीचं, वाटेचं,
आणि पुढच्या तारखेचा कागद दिला.

येताना मी सुरुवात केली. जीभ जड.
ही चिंच. हा पंक्चरवाला. ही म्हस, वंगाळ, शेपूट मारंल.
इथं तुझा बाप गाडी लावायचा.
हे पाणी कालव्याचं, ह्याला आज रंग लालसर का ते मलाही माहीत नाही.
ती माझ्या तोंडाकडं बघत चालली होती,
रस्त्याकडं नाही. दोनदा ठेचकाळली.

नऊ वाजले.
तांब्या आणला तिनं, नेहमीसारखा.
मग डबीवर बोट ठेवलं आणि
मॅडमच्याच सुरात विचारलं: "हे?"

भिंतीपलीकडं सासूचा टीव्ही.
मधेच जाहिराती संपल्या, सगळं शांत झालं.
"गोळी," मी म्हटलं. "आईची. रोजची."
"गोई," ती म्हणाली, मोठ्यानं,
आणि परत, आणखी मोठ्यानं.

पलीकडं आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत
मी थांबले नाही.
म्हटलं, "गोळी. ळ. जीभ वर वळव. बघ अशी."